चेअरमनसाहेबांचा श्वास

आबांचं नाक चिमटीत धरून मी उभी होते, आणि ते त्याही अवस्थेत फोनवर शिव्या देत होते. नाक दाबलेलं असल्यामुळं प्रत्येक शिवी पिपाणीतून आल्यासारखी येत होती. पलीकडं कोण होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रंक कॉल होता एवढं खरं. त्या काळी ट्रंक कॉल लागायला सकाळ मोडायची, त्यामुळं रक्त गेलं तरी चालेल पण लाइन जाता कामा नये, असा आबांचा विचार असावा. पांढऱ्या सदऱ्यावर पोटापर्यंत लाल ओघळ आला होता. त्यांचा पीए सुभाष टॉवेल घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा त्या टॉवेलपेक्षा पांढरा झाला होता.

आबा म्हणजे आमचे चेअरमन, व्यंकटराव. मी कारखान्याच्या दवाखान्याची डॉक्टर. उस्मानाबाद जिल्ह्यातला सहकारी साखर कारखाना होता. नाव सांगत नाही, कारण त्यातली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची मुलं राजकारणात आहेत. ढोकीच्या कारखान्यापुढं आमचा कारखाना म्हणजे शेंडेफळ, पण चेअरमनचा रुबाब मात्र थोरल्याचा. स्वभाव तेरखेड्याच्या फटाक्यासारखा, वात आखूड आणि आवाज मोठा.

फोन संपला तेव्हा रक्तही थांबलं. मी बीपी घेतलं. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दंडाला पट्टा बांधायचा, त्यात हवा भरायची, आणि पाऱ्याची कांडी बघत हवा सोडायची. त्यात दोन आकडे मिळतात. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा ते क्षणभर सैल पडतं तेव्हाचा. आबांचा वरचा आकडा दोनशेच्या पुढं होता, आणि खालच्यावरून तर त्यांचं हृदय सैल पडतच नसावं असं वाटत होतं. नाकातनं रक्त आलं हे नशीबच म्हणायचं. तोच दाब मेंदूतल्या एखाद्या बारीक नळीवर आला असता तर शिव्यांसकट सगळं बंद झालं असतं.

मी सोलापूरला चला म्हटलं. आबा नको म्हणाले. दवाखान्यात दाखल झालो की संध्याकाळपर्यंत तालुकाभर होईल, चेअरमन आटोपला म्हणून. पुढच्या आठवड्यात वार्षिक सर्वसाधारण सभा होती. त्या सभेआधी आजारी पडणं त्यांना परवडत नव्हतं, मग मेलं तरी चालेल.

त्या सभेचं प्रकरण समजायला दुष्काळ समजायला हवा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ लोकांनी खडी फोडून काढला होता आणि आता पुन्हा तसलं काही बघावं लागणार नाही अशी सगळ्यांची समजूत होती. मग लागोपाठ पाऊस हुकला. विहिरी आटल्या. गावात टँकर कधी यायचा, कधी नुसती त्याची बातमी यायची. जनावरं छावणीत. आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या कारखान्याचा साठवण तलाव. साखर करायला ऊस लागतो तसं पाणीही भरपूर लागतं, बॉयलरला लागतं, यंत्रं थंड ठेवायला लागतं. तलावात शिल्लक होतं ते पाणी एक तर अर्धामुर्धा गळीत हंगाम उरकायला पुरलं असतं, नाही तर आजूबाजूच्या गावांना उन्हाळाभर प्यायला. दोन्हीला पुरणारं नव्हतं.

संचालकांना कारखाना चालवायचा होता. ऊसवाल्या सभासदांना तर हवाच होता, त्यांचा ऊस उभ्या उभ्या वाळत होता. गावांना पाणी हवं होतं. आबांना सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. त्यात एक बारीकशी गोष्ट अशी, की सगळं शिवार करपलेलं असताना आबांच्या मळ्यातला ऊस तेवढा हिरवागार होता. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

मी गोळ्या चालू केल्या, मीठ बंद केलं. लोणचं, पापड, भजी बंद. दुसऱ्या दिवशी, आबांचा मुक्काम होता त्या कारखान्याच्या गेस्ट हाउसवर गेले तर बीपी थोडंच उतरलेलं. आबा पलंगावर पडून होते, पण पडल्या पडल्या हात, पाय, तोंड, भुवया सगळं चालू. विश्रांती घ्या म्हटलं तर म्हणाले, काल दुपारपासनं विश्रांतीच घ्यायलोय, लई दमलो.

तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. छप्पन सालानंतर आमच्या घरी दीक्षा आली, आणि पुढं एका भंतेजींकडून वडील आनापान शिकले. आनापान म्हणजे श्वासाकडं लक्ष ठेवणं. नाकपुडीपाशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. रोखायचा नाही, लांबवायचा नाही. लक्ष पळालं की परत आणायचं. आमची आई म्हणायची, इतकं काय बघायलाव, श्वास काय कुठं पळून चाललाय का. वडील हसायचे आणि बसायचे. गावानं त्यांना त्रास द्यायचा तेवढा दिला, पण शाळेतल्या पोरांवर त्यांनी कधी तो राग काढला नाही. मी मेडिकलला गेल्यावर हे सगळं मागासलेलं वाटायला लागलं होतं. मग बाळंतपणं करायला लागले आणि ओरडणाऱ्या बाईला हेच सांगायला लागले, कारण तेवढ्यानं खरंच फरक पडायचा.

आबांना मी सांगितलं, बाळंतिणींना शिकवते तेच तुम्हाला शिकवणार आहे. सुभाषला खोकला आला.

देव कुठला धरायचा, आबांनी विचारलं. कुठलाच नाही. मंत्र? नाही. उदबत्ती, नारळ? काही नाही. हे त्यांना संशयास्पद वाटलं. फुकटच्या गोष्टीवर सहकारातला माणूस सहसा विश्वास ठेवत नाही.

‘हे तुमच्यातलं हाय का?’ त्यांनी जरा आवाज उतरवून विचारलं.

‘हो, आमच्यातलंच आहे,’ मी म्हणाले. ‘तुमच्या नाकाला चालेल.’

त्यांनी डोळे मिटले. लगेच उघडले.

‘बाई, दुसऱ्याच श्वासाला व्हाइस चेअरमन आला.’

‘येऊ द्या. आला, असं मनात म्हणा आणि परत नाकाशी या.’

‘चहापाणी इचारायचं न्हाय?’

‘नाही. भांडायचंही नाही आणि बसवूनही घ्यायचं नाही.’

पुन्हा डोळे मिटले. या खेपेला जरा वेळ गेला. मग त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं की व्हाइस चेअरमन गेला, पण आता साखर आयुक्त आलाय आणि तो बसूनच घ्यायलाय.

असं रोज चाललं. सकाळी मी बीपी घ्यायची, मग ते बसायचे, मग मी परत घ्यायची. खोटं सांगत नाही, दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी यायचा. अर्थात गोळ्याही आता लागू पडत होत्या. यश कुणाचं हे मी ठरवलं नाही. दोघांनाही वाटून दिलं.

घोटाळा नंतर झाला. चेअरमन सकाळी डोळे मिटून बसतात ही बातमी बाहेर फुटली. लगेच संचालकांच्या बैठकीत सगळे डोळे मिटून बसायला लागले. एक संचालक घोरायचे, पण त्यांनी आपली समाधी लागते असं जाहीर केलं. सुभाषनं आबांच्या सहीचं परिपत्रक काढलं, की सर्व खातेप्रमुखांनी कामाला लागण्यापूर्वी श्वासाकडं लक्ष द्यावं. चीफ केमिस्ट मला भेटून विचारून गेले, की लक्ष दिल्याचा रिपोर्ट कुणाकडं पाठवायचा. कामगार युनियननं तर पत्रच दिलं, की श्वास घेणं ही ड्युटी धरली तर त्याचा ओव्हरटाइम मिळावा. दवाखान्यातले आमचे कंपाउंडर गफूरभाई म्हणाले, ‘डाक्टरनीबाई, तुम्ही चेअरमनला औषध दिलं, अन् पथ्य सगळा कारखाना करायलाय.’

मलाही हसू येत होतं. सभेच्या दोन दिवस आधी ते थांबलं.

त्या दिवशी बाजूच्या गावातल्या बायका घागरी घेऊन कारखान्याच्या गेटवर आल्या. टँकर येऊन बरेच दिवस झाले होते. तलाव त्यांना गेटातनं दिसत होता. पुढं गयाबाई नावाची एक बाई होती. तिच्या सुनेचं बाळंतपण मी केलेलं, त्यामुळं ओळख होती. सुभाष बाहेर आला आणि आबांचा निरोप सांगितला: सगळ्यांनी आधी खाली बसा, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या, मन शांत झालं की मग बोलू.

मी दवाखान्याच्या दारातनं बघत होते. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांना आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

गयाबाई चिडली नाही. तिनं सुभाषला शांतपणे सांगितलं, ‘सायेब, श्वास आमी घेतोयच की. तेवढ्याला न्हाय आलो. घागर भरा.’

सुभाष आत गेला तो परत आलाच नाही. बायका उन्हात बसून राहिल्या. श्वासाकडं कुणी लक्ष दिलं नाही, पण गेटावरच्या वॉचमनकडं सगळ्यांनी मिळून इतकं लक्ष दिलं की तो बिचारा केबिनमध्ये जाऊन बसला. शेवटी गफूरभाईंनी दवाखान्यातल्या टाकीचा नळ त्यांच्यासाठी उघडला. मी त्यांना अडवलं नाही. टाकी संपली, निम्म्या घागरी भरल्या, निम्म्या तशाच परत गेल्या.

मी तडक गेस्ट हाउसवर गेले. एवढी चिडले होते की वाटेत मलाच श्वासाकडं बघावं लागलं. फारसा उपयोग झाला नाही. आबा आरामखुर्चीत होते. मी त्यांना म्हटलं, पेशंटची गोळी पेशंटनं घ्यायची असते, गावात वाटायची नसते. तुमचं बीपी वाढलं म्हणून तुम्हाला शिकवलं, त्यांचं तोंड बंद करायला नाही. तहानलेल्या माणसाला शांत बसायला सांगणं ही ध्यानधारणा नाही, ती दादागिरी आहे. असंच चालणार असेल तर उद्यापासून तुमच्या दंडाला पट्टा बांधायला दुसरा माणूस बघा.

चेअरमनशी असं कुणी बोलत नसे. सुभाष भिंतीला चिकटला. आबांच्या मानेची शीर उडायला लागली आणि मला वाटलं आता पुन्हा नाक धरायची वेळ येणार. त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि डोळेही मिटले. बराच वेळ तसेच बसले. मी निघणार तेवढ्यात ते बोलले.

‘बाई, घागरी आल्या.’

‘काय?’

‘डोळे मिटले की घागरी दिसायल्यात. तुमी सांगितल्यावाणी आल्या म्हटलं अन् नाकाशी आलो. तरी जाईनात.’

वडिलांनी असलं काही शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. मग मी माझ्या समजुतीनं सांगितलं, की व्हाइस चेअरमन मनातला होता म्हणून गेला. घागरी गेटावरच्या होत्या. त्यांचं काहीतरी केल्याशिवाय त्या जायच्या नाहीत.

बीपी घेऊ का विचारलं तर नको म्हणाले. संध्याकाळी गेटावर कारखान्याचा टँकर उभा राहिला. कुणी सांगितलं हे सुभाषलाही माहीत नव्हतं, म्हणजे स्वतः आबांनीच सांगितलं असणार.

सर्वसाधारण सभा म्हणजे सभासद शेतकऱ्यांनी वर्षातनं एकदा संचालकांना मनसोक्त बोलून घ्यायचा दिवस. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, पण प्रथा तीच. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. मांडवाबाहेर, सभासद नसलेल्या बायका आणि छावणीतली माणसं उभी. मी स्टेजच्या बाजूला बॅग घेऊन बसले होते. जिभेखाली द्यायचं औषध हाताशी ठेवलं होतं.

पहिला तासभर नुसता गोंधळ झाला. मग निवृत्ती बप्पा उठले. हे विरोधी गटाचे पुढारी, स्वतः ऊसवाले. त्यांचं म्हणणं, आमचा ऊस वाळून चाललाय, कारखाना कधी पेटवणार ते सांगा. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या जोरावर त्यांनी इतकी वर्षं कुणी न काढलेला विषय काढला. तलावातनं चेअरमनच्या मळ्यात पाइप गेलाय, म्हणाले. आमचा ऊस वाळतो अन् ह्यांचा हिरवा कसा, ते ह्या माइकवर सांगा.

आबा ताडकन उठले. चेहरा लालबुंद. माइक हातात घेतला. मागच्या रांगेतली माणसं चपला पायात घालायला लागली, कारण आता खुर्च्या उडणार हे उघड होतं. स्टेजवरचे संचालक आपापली उपरणी सावरत होते. मी बॅग उघडली.

आणि आबा खाली बसले. माइक हातातच. डोळे मिटले.

लाउडस्पीकरवर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. सबंध मांडवात, पार छावणीपर्यंत. घुर्र आत, घुर्र बाहेर. कुणाला काहीच कळेना. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहून टोपी काढायला लागला. समाधी लागणारे संचालक माझ्या शेजारीच होते. त्यांनी हुंदका दिला आणि आपला आधार गेला असं काहीतरी बोलायला लागले. मी धावत आबांजवळ गेले आणि मनगट धरलं. नाडी जोरात चालली होती, पण नियमित होती.

त्यांनी एक डोळा उघडला.

‘बाई, अजून जिता हाय. जरा थांबा, निवृत्ती अजून गेला न्हाय.’

हे माइकवर गेलं. निवृत्ती बप्पा समोर उभे होते. ते म्हणाले, म्या कशाला जाऊ. आणि मग मांडव हसायला लागला. आधी मागची रांग, मग सगळेच. हसता हसता काही लोकांनी पायातल्या चपला परत काढल्या.

आबा उठले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा इतका खाली होता की लोकांना गप्प बसून ऐकावं लागलं.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘पाइप हाय. माझाच हाय. उद्या काढतो.’

बस्स, एवढंच. मी गेली कित्येक वर्षं राजकारणी पेशंट तपासते, पण कबुली म्हणून इतकं छोटं वाक्य पुन्हा ऐकलेलं नाही. मग त्यांनी संचालकांना न विचारता सांगून टाकलं, की यंदा बॉयलर पेटणार नाही. तलावाचं पाणी गावांना आणि छावणीला. जो ऊस दुसऱ्या कारखान्याला जाईल तो धाडू, उरलेला छावणीला चारा म्हणून विकत घेऊ. ठराव मांडतो, हात वर करा.

संचालकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. निवृत्ती बप्पांची पंचाईत झाली. ते भांडायची तयारी करून आले होते आणि समोरच्यानं भांडणच काढून घेतलं. ऊस त्यांचाही होता आणि बहीण त्या घागरीवाल्या गावात दिलेली होती. मग म्हणाले, आधी पाइप काढा, म्या स्वतः येऊन बघणार. आणि कुरकुरत हात वर केला. ठराव पास झाला. आरडाओरडा झालाच, दोन खुर्च्याही मोडल्या, पण माणूस एकही मोडला नाही. त्या दिवशी माझ्या बॅगेतलं फक्त आयोडीन वापरलं गेलं, तेही खुर्चीचा खिळा लागलेल्या कार्यकर्त्याला.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. कारखाना बंद म्हणून कामगारांना अर्ध्या पगारावर बसावं लागलं. काही जण पुण्याकडं निघून गेले ते परत आले नाहीत. गफूरभाईंचा आणि माझा पगार महिनोनमहिने लटकला. ऊसवाल्यांचं नुकसान झालं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या निवडणुकीत आबांचं पॅनेल साफ पडलं आणि निवृत्ती बप्पा चेअरमन झाले. ज्यांना पाणी मिळालं त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. गावांनी मात्र तो उन्हाळा गाव न सोडता काढला. गयाबाईच्या नातवाला मी त्या वर्षी गोवराची लस तिच्याच दारात जाऊन टोचली, टँकरच्या मागं मागं जाऊन.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. निवडणुकीत पडल्यावर महिनाभर कुणाशी बोलले नाहीत, मग दवाखान्यात येऊन साध्या बाकावर बसले आणि नंबर लावला. ते काही संत झाले नाहीत. धाकट्या भावाशी बांधावरून त्यांची कोर्टात केस चालू होती, ती त्यांनी शेवटपर्यंत चालवली. तारखेच्या दिवशी सकाळी डोळे मिटून बसायचे आणि मग उठून कोर्टात जायचे. मी एकदा विचारलं, की बसल्यावर भाऊ येतो का. म्हणाले, येतो की, रोजच येतो, आला म्हणतो. मग केस मागं का घेत नाही, मी विचारलं. तर म्हणाले, बाई, बांध माझाच हाय.

आता माझीही प्रॅक्टिस संपत आली. हल्ली शहरातनं माणसं येतात, कोऱ्या कपड्यांत शिबिरं घेतात, घंटी वाजवतात, आणि श्वासाकडं बघितलं की सगळं ठीक होतं असं सांगतात. ठीक होत नाही. आपलं काय बिघडलंय आणि आपण काय बिघडवलंय, एवढं जरा स्पष्ट दिसतं, पुढचं काम उठून करावं लागतं. बीपीचे पेशंट विचारतात तेव्हा मी दोन्ही सांगते, रोज थोडा वेळ शांत बसा आणि गोळी चुकवू नका. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर गोळी घ्या.